दोन मिलिमीटरचा अन्याय

सिरिल ड्रिंगने खोक्याचं झाकण काढलं, डोळे मिटले आणि आत नाक खुपसलं. नव्या प्लॅस्टिकचा वास पोटभर घेतल्याशिवाय किटमधल्या सुट्या भागांना हात लावायचा नाही, ही लिंकनशरमधल्या मॉडेलवाल्यांची रीत. बाहेरच्या माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, म्हातारा खोक्यात तोंड घालून रडतोय. त्या दिवशी दहाच मिनिटांनी सिरिलवर खरोखर तशी पाळी आली.

खोक्यात लँकेस्टर बॉम्बर होतं. मूळ विमानाच्या बत्तिसाव्या हिश्शाचं, म्हणजे जोडून झाल्यावर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर. एवढ्या आकाराचं लँकेस्टर बाजारात यावं म्हणून सिरिलने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. किट काढणारी कंपनी पूर्वेकडे कुठेतरी लांब होती. तिचं नाव त्याला धड उच्चारता येत नसे, पण त्या सकाळपर्यंत त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं. मग त्याने शेपटीचा उभा पंख उचलला. लँकेस्टरला असे दोन असतात, शेपटीच्या दोन टोकांना एकेक. सिरिलने त्यावर पोलादी पट्टी ठेवली, शेजारी उघडलेल्या जाडजूड पुस्तकातल्या आराखड्याशी ताडून पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा ताडून पाहिली.

पंख दोन मिलिमीटर बुटका होता.

"नोरीन," त्याने शेडच्या दारातून हाक मारली, "या लोकांनी शेपूट छाटलीय."

नोरीन हातातला ओला टॉवेल गवतावर टाकून धावत आली, कारण तिला वाटलं मांजराची. खरा प्रकार कळल्यावर तिने टॉवेल उचलला, झटकला आणि एवढंच विचारलं, की आता हे किती महिने चालणार आहे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याच्या संतापाचे हंगाम पाठ झाले होते.

सिरिलच्या संतापाला कमी लेखायचं कारण नाही. अडतीस वर्षं त्याने फेनच्या सखल मुलखात पाणी निचरा मंडळाची नोकरी केली होती. तिथली जमीन समुद्रापेक्षा खाली. चरातली पाण्याची पातळी चार बोटं चुकली तर कुणाच्या तरी कोबीची होडी होते. सिरिल रोज सायकलवरून जाऊन एकेका चरातलं पाणी मोजायचा आणि वहीत लिहायचा. त्यामुळे मोजमाप हा त्याच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न झाला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला तो एक वेळ चहा पाजेल, पण अंदाजे मोजणाऱ्याला दारात उभं करणार नाही. निवृत्तीनंतर मोजायला चर उरले नाहीत, म्हणून त्याने जगाकडे मोर्चा वळवला. गावच्या बेकरीला त्याने कळवलं की तुमच्या प्लम ब्रेडच्या एका कापात पूर्वी अकरा मनुका असायच्या, आता सात असतात. टीव्हीवर युद्धाचा एखादा कार्यक्रम लागला की तो वही घेऊनच बसे. त्याच्या प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली होती: "मी सहसा तक्रार करत नाही."

लँकेस्टरच्या कंपनीला गेलेलं पत्र नऊ पानी होतं.

पत्र टाकून तो थांबला नाही. विथम नदीकाठच्या मॉडेल क्लबची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये भरते. एकोणीस पुरुष आणि ओल्वेन शार्प. ओल्वेन अध्यक्ष, कारण खुर्च्या परत रचून ठेवायची आठवण फक्त तिला असते. त्या मंगळवारी सिरिलने बुटका पंख एका मखमली तुकड्यावर ठेवून टेबलावर मांडला, खुनाच्या खटल्यात सुरा मांडतात तसा. बारा जणांनी तेच किट घेतलेलं होतं. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात अडीच इंच, सिरिल म्हणाला. अडीच इंच शेपूट कमी असलेल्या विमानातून आपली पोरं बर्लिनपर्यंत गेली असं हे लोक जगाला सांगणार आणि आपण ते रंगवून कपाटात ठेवणार?

हॉलमध्ये कुजबुज झाली. ती मुख्यतः आता कापाकापी करावी लागणार याच्या धास्तीची होती. तेवढ्यात किथ मॉअर उठला. किथ हा सिरिलचा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर खाटकाचं दुकान चालवलं, पंचक्रोशीत त्याच्या सॉसेजला तोड नव्हती. हात मोठे, बोटं जाड, आणि त्याच बोटांनी तो तांदळाएवढा वैमानिकाचा पट्टा चिमट्याने लावायचा. किथने पंख उचलून उजेडात धरला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाला की त्याला तर तो बरोबर दिसतोय. लहानपणी तो रोज अशा विमानांच्या कुंपणाशी जाऊन बसत असे, आणि डोळ्यात जो आकार बसलाय तो हाच.

"किथ," सिरिल म्हणाला, "तू सॉसेज बघ. विमानं आम्ही बघतो."

सगळे हसले. किथही हसला, निदान दात दिसले. मग तो खाली बसला आणि त्यानंतर त्या विषयावर काही बोलला नाही.

अकरा जणांनी पंख कापले. हे काम दिसायला सोपं आणि करायला महापाप. बारीक पात्याच्या करवतीने पंख आडवा कापायचा, मधे दोन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची, कडेची वळणं जुळवायची, पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. एवढं झाल्यावर घासण्यात पुसले गेलेले रिव्हेट सुईच्या टोकाने एकेक करून परत टोचायचे. एका पंखाला साडेतीनशे. सिरिलने त्याची सचित्र कृती छापून वाटली. बाराव्याने किट भाच्याला देऊन टाकलं आणि सिरिलने त्याच्याशी बोलणं टाकलं. किथनेही मुकाट्याने पंख कापला. चाळीस वर्षं सुऱ्यांशी संसार करून ज्याच्या बोटाला ओरखडा आला नव्हता, त्या माणसाची करवत निसटली आणि अंगठ्याला तीन टाके पडले. सिरिल त्याला बघायला गेला होता. जाताना पुट्टीचा डबा नेला होता.

कंपनीचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. ते अतिशय नम्र होतं, आणि नम्रतेइतकं सिरिलला दुसरं काही झोंबत नसे. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. आम्ही जगात शिल्लक असलेल्या लँकेस्टरपैकी तीन स्वतः जाऊन मोजली. आपल्या मापाचा मूळ आधार कोणता, हे कृपया कळवलंत तर आम्हाला शिकायला मिळेल.

"आधार विचारतात," सिरिल नोरीनला म्हणाला. "मला. आधार."

"मग दे की," नोरीन म्हणाली. ती वाटाणे सोलत होती.

"देतो. असा देतो की कारखाना बंद करतील."

आराखडा त्या जाडजूड पुस्तकातला होता. पुस्तकाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तो अमक्या जुन्या पुस्तकावरून घेतला आहे. सिरिलने वाचनालयातून जुनं पुस्तक मागवलं. त्यातला आराखडा एका अजून जुन्या मासिकावरून घेतलेला निघाला. एवढी मोठमोठी माणसं, आणि एकाने उठून विमानाला फूटपट्टी लावली नव्हती, सगळे एकमेकांच्या पाटीत बघून लिहीत होते. सिरिलचा संताप आता कंपनीवरून घसरून लेखकांवर गेला. मासिक ओल्वेनकडे सापडलं, कारण ओल्वेन काही फेकत नाही. त्या आराखड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'विथम क्लब पत्रिका, उन्हाळा १९७६. प्रत्यक्ष मोजमाप: सी. डी.'

सिरिलने तिथल्या तिथे ओल्वेनला फोन लावला. आपल्याच क्लबचा माणूस होता म्हणजे बघ, तो म्हणाला, आणि आपल्याला पत्ता नाही. जगातले सगळे आराखडे ज्याच्या एका मोजमापावर उभे आहेत तो हा सी. डी. जिवंत आहे का? असेल तर त्याला त्या परदेशी लोकांसमोर उभा करतो. कोण हा सी. डी.?



"सिरिल," ओल्वेन म्हणाली, "तू बसलेला आहेस का? नसशील तर बस."

माणूस स्वतःला विसरू शकतो, आणि चव्वेचाळीस वर्षं हा काळ काही थोडा नव्हे. त्यातून तो आराखडा मधल्या काळात तीन वेळा नव्याने काढला गेला होता, इंचांचे मिलिमीटर झाले होते, खाली भलत्यांच्या सह्या आल्या होत्या. पण माळ्यावरच्या पेटीतून १९७६ची पत्रिका निघाली तेव्हा शंकेला जागा राहिली नाही. सी. डी. म्हणजे सिरिल ड्रिंग, आराखड्यावरचं अक्षर त्याचंच होतं. त्या वर्षी लिंकनशर उन्हाने करपून निघालं होतं, आणि रस्त्यालगतच्या एका जुन्या लष्करी विमानतळाच्या फाटकाशी शोभेला एक लँकेस्टर उभं करून ठेवलेलं होतं. पुढे ते भंगारात गेलं. तरुण सिरिल शिडी घेऊन गेला होता, आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला नवीन लग्न झालेली नोरीन होती.

"मी म्हटलं होतं तुला," नोरीन म्हणाली. ती माळ्याच्या शिडीवर अर्धी वर, अर्धी खाली उभी होती.

"काय म्हटलं होतंस?"

"की दुसऱ्या बाजूचं बुटकं दिसतंय. तर तू म्हणालास, विमान दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, अर्धं मोजायचं आणि उलटं करून काढायचं, सगळे असंच करतात. तिकडे खाजऱ्या पाल्याचं रान माजलं होतं आणि मी चपला घालून आले होते. मीही म्हटलं, असेल बाई सारखं."

खाली येऊन तिने आल्बम काढला. त्यात तिची बहीण पॉलीन घडीच्या खुर्चीवर बसून हॅस्लेटचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचं, सँडविच खात होती. तिच्या डोक्यामागे विमानाची शेपूट होती, अगदी समोरून घेतल्यासारखी. सिरिलने भिंग लावलं. पॉलीनच्या डाव्या कानामागचा पंख उजव्या कानामागच्या पंखापेक्षा उंच होता. भिंगाचीही गरज नव्हती. चव्वेचाळीस वर्षं तो फोटो दिवाणखान्यात आला-गेल्यांना दाखवला जात होता आणि लोक पॉलीनच्या टोपीची तारीफ करत होते.

इथवर एक वेळ सहन झालं असतं. पण पत्रिकेच्या पुढच्याच अंकात एका निवृत्त हवाई दलवाल्याचं पत्र छापलेलं होतं. त्या गृहस्थाने साधेपणाने लिहिलं होतं की फाटकावरच्या विमानाला कोळशाच्या ट्रकने मागे येताना धडक दिली होती, म्हणून आम्ही डावा पंख काढून हँगरमागे पडलेला दुसऱ्याच कुठल्या विमानाचा लावला होता. तेव्हा श्री. सी. डी. यांनी एकदा उजवी बाजूही पाहावी. खाली श्री. सी. डी. यांचं उत्तर होतं. मी सहसा तक्रार करत नाही, त्यात म्हटलं होतं, पण मोजपट्टीसमोर ऐकीव गप्पा चालत नसतात.

सिरिल ते उत्तर उभ्यानेच वाचत होता. वाचता वाचता त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हा कोण शिष्ट, उद्धट, अर्धवट पोरगा? स्वतः युद्धात वंगण पुसलेल्या माणसाला हा गप्प बसवतो? आणि कशाच्या जोरावर, तर बायकोच्या चपलांच्या? सिरिल इतका संतापला की नोरीनने त्याला पाणी आणून दिलं. तिने त्याला जन्मभर लोकांवर चिडताना पाहिलं होतं, पण इतक्या मनापासून नाही.

गप्प बसायचं असतं तर बसता आलं असतं. ओल्वेनने तोंड उघडलं नसतं, नोरीनला तर त्यात रसच नव्हता. लँकेस्टरांना दोन मिलिमीटर जास्तीची शेपूट आहे हे सिरिल ड्रिंगशिवाय कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पाणी चढलं आणि वहीत उतरवलं नाही, असं त्याने नोकरीत एकदाही केलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत सिरिलने उभं राहून पत्र वाचून दाखवलं. पत्र क्लबच्या नावे होतं. मी सहसा तक्रार करत नाही. तथापि या क्लबचे एक सदस्य श्री. सी. डी. यांनी निम्मं विमान मोजून पूर्ण विमानाच्या बाता मारल्या, जाणकार माणसाचा पाणउतारा केला, आणि त्यांच्या या निष्काळजीपणापायी अकरा निर्दोष किटांची मोडतोड झाली. सबब सदर इसमाची जाहीर निर्भर्त्सना व्हावी आणि त्याने प्रत्येकाच्या घरी जाऊन स्वखर्चाने, स्वतःच्या हाताने नुकसान दुरुस्त करावं. पत्र चार पानी होतं, आणि ते वाचताना सिरिलचा आवाज असा तापला होता की पहिल्या दोन पानांपर्यंत काहींना हा माणूस दुसऱ्या कुणाला तरी झोडतोय असंच वाटत होतं. मग एकाला अर्थ लागला आणि तो फिसकन हसला. मग सगळे हसले, मग सगळे एकदम गप्प झाले, कारण प्रत्येकाला आपापले साडेतीनशे रिव्हेट आठवले.

किथ मॉअर हसला नाही. त्याने टोपी उचलली, प्लम ब्रेडचा अर्धा खाल्लेला काप बशीत तसाच ठेवला आणि निघून गेला. किथने खाणं टाकून उठणं ही क्लबच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती.

वसंतभर सिरिल करवत, पट्टी आणि घासायचे कागद घेऊन घरोघर फिरला. नऊ जणांनी कापू दिलं. एकाने दारातच चार शब्द ऐकवले, मग चहा दिला, मग स्वतःच पंख धरून बसला. एकाच्या बायकोने विचारलं की तुम्ही नळाचंही काम करता का. दुरुस्त झालेल्या प्रत्येक पंखाचं माप सिरिल वहीत लिहीत होता. कंपनीलाही त्याने पत्र पाठवलं, या वेळी एकपानी. किथ मात्र फोन उचलत नव्हता. घंटा वाजायची, वाजत राहायची. नोरीन म्हणाली, अरे अंगठा दुखत असेल. ती असं बोलली की त्याला कळावं, अंगठ्याचा संबंध नाही.

शेवटी एका शनिवारी दुपारी सिरिल पिशवी घेऊन सरळ गेला. किथने दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आत ये असंही न म्हणता आत चालू लागला.

बैठकीत, बशा ठेवायच्या कपाटावर, लँकेस्टर उभं होतं. पुरं झालेलं. रंगवलेलं, काजळी धरलेलं, चाकांना वाळलेला चिखल. सिरिलने दोन पावलं लांबूनच शेपटीकडे पाहिलं. मग जवळ गेला. मग चष्मा वर करून नाक लावून पाहिलं. कुठे कापलंय, ते त्याला सापडेना.

"मी कापायला आलोय," तो म्हणाला.

"त्या सी. डी.ने पाठवलंय होय?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या रात्री चार पानं वाचलीस. सी. डी.ने असं केलं, सी. डी.ने तसं केलं, सी. डी.ला फटके मारा. मी सगळं नीट ऐकलं. तू कुठे होतास त्यात?"

सिरिलने तोंड उघडलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत आणि शेकडो पत्रांत जो शब्द त्याला कधी लागला नव्हता तो आता शोधायचा होता.

"तू बरोबर सांगितलं होतंस," तो म्हणाला. "पंख हातात धरून. आणि मी सगळ्यांसमोर तुला… ते सॉसेजचं. ते मी बोललो. सी. डी. नाही. मी बोललो. चुकलं माझं, किथ."

किथने खिडकीतून बाहेर पाहिलं. बागेत बघण्यासारखं काही नव्हतं.

"अंगठ्याचं पण," सिरिल म्हणाला. "पुट्टी घेऊन आलो होतो तुला बघायला. काय माणूस आहे मी."

"पुट्टी चांगली होती," किथ म्हणाला. "तीच वापरलीय."

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि दोन कप चहा घेऊन आला. सिरिल अजून शेपटीपाशीच वाकलेला होता. सांधा नाही, खड्डा नाही, रिव्हेटची रांग दोऱ्याने आखल्यासारखी. बाकीच्या दहा विमानांत असं काम झालं नव्हतं, त्याच्या स्वतःच्यातही नाही. तो सरळ झाला, पाठीवर हात ठेवला आणि जे कधी बोलला नव्हता ते बोलला.

"किथ, हे राहू दे. काय जातंय? दोन मिलिमीटर. कुणाला दिसतंय?"

किथने कप खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"एवढं सुंदर काम झालंय. कापायचं म्हणजे—"

"चूक आहे ते," किथ म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. "अडीच इंच चूक आहे, आणि तू माझ्या घरात येऊन मला म्हणतोस राहू दे? मी रोज त्याच्याकडे बघतो, रोज मला लांबडं दिसतं. डोळ्यात खुपतं. पोरगा असल्यापासून माहीत आहे मला ते विमान. राहू दे म्हणे."

"मग इतके दिवस कापलं का नाहीस?"

"तू कधी येतोस ते बघत होतो."

त्याने विमान दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं, खाली टॉवेल घातला आणि सिरिलच्या पिशवीतून करवत काढली. पात्याची धार त्याने अंगठ्याच्या नखावर पाहिली, त्याच अंगठ्याच्या, आणि असल्या धारेने लोकांच्या घरी जायला तुला लाज कशी वाटली नाही, असं विचारलं. सिरिल म्हणाला, धार ठीक आहे. किथ म्हणाला, धारेतलं मला सांगू नकोस. आतल्या खोलीतून त्याने आपला दगड आणला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पातं घासायला बसला. चहा निवत होता.

"मी कापतो," सिरिल म्हणाला. "पत्रात तसं लिहिलंय. स्वतःच्या हाताने."

"तू धर. हलवू नकोस, आणि श्वास जरा तिकडे सोड."

सिरिलने शेपूट दोन्ही हातांच्या बोटांत धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.